हॉगवर्ट्सवर दाटत गेलेला काळोख

हॅरी पॉटरच्या चित्रपटांत पुढे काय वाढून ठेवलंय, याची चाहूल गोष्ट सुरू होण्याआधीच लागते. २००१च्या पहिल्या चित्रपटात वॉर्नर ब्रदर्सची ढाल ढगांतून झळाळत पुढे येते. पुढे तिच्यावरचा उजेड उतरत जातो आणि २०१०च्या ‘डेथली हॅलोज’च्या पहिल्या भागात तर ती डोळ्यांदेखत गंजते. चित्रपट सुटे सुटे पाहताना हे निसटतं. भाचीबरोबर आठही ओळीने पाहिले, तेव्हा ते ठसठशीत दिसलं.

ख्रिस कोलंबसच्या पहिल्या दोन चित्रपटांत मेणबत्त्या हवेत तरंगतात, ताटं आपोआप भरतात आणि काही बिनसलंच तर निस्तरायला मुख्याध्यापक डम्बलडोर असतात. पहिल्याचं चित्रीकरण सुरू झालं तेव्हा डॅनियल रॅडक्लिफ ११ वर्षांचा होता.

खरा सांधा बदलतो तो तिसऱ्यात. २००४चा हा चित्रपट अल्फोन्सो कुआरोनचा, आणि माझ्या मते मालिकेतला सर्वोत्तम. इथे मुलं शाळेच्या झग्यांतून जीन्स-स्वेटरमध्ये येतात, टाय सैल होतात. हॅग्रिडची झोपडी स्कॉटलंडच्या ग्लेन कोमधल्या उतारावर जाते आणि हॉगवर्ट्सला वारा-पाऊस लागतो. कुआरोनने तिन्ही मुख्य कलाकारांना आपापल्या पात्रावर निबंध लिहायला सांगितला होता. रॅडक्लिफने पानभर लिहिला, एमा वॉटसनने पानंच्या पानं भरली, रूपर्ट ग्रिंटने दिलाच नाही. तिघंही अगदी हॅरी, हर्मायनी आणि रॉनसारखे वागले! याच चित्रपटात डिमेंटर नावाचे जीव येतात. आगगाडीच्या काचेवर बर्फ चढतो, दिवे जातात, डब्यातला आनंद कुणीतरी ओढून न्यावा तसा संपतो. मूळ पुस्तकांच्या लेखिका रोलिंगबाईंनी स्वतः भोगलेल्या नैराश्यातून डिमेंटर घडवले. ते कळल्यापासून मला त्यांची भीती कमी आणि बाईंबद्दलचा आदर जास्त वाटतो.

चौथा चित्रपट माइक न्यूएलचा, २००५चा. ब्रिटनमध्ये पहिल्या तिन्हींना पीजी प्रमाणपत्र होतं, याला १२ए मिळालं. यात नाताळचा नाच आहे, त्यात पार्वती आणि पद्मा पाटील या जुळ्या बहिणी हॅरी-रॉनच्या जोडीदार होऊन येतात आणि बिचाऱ्या कंटाळून बसून राहतात. (पाटलांच्या पोरींना असं बसवून ठेवलेलं मला अजूनही खटकतं.) आणि त्याच चित्रपटात हॅरीबरोबर स्पर्धेत उतरलेला सेड्रिक मरतो. हॅरी त्याचा देह घेऊन मैदानात येतो तेव्हा प्रेक्षक जल्लोष करताहेत, बँड जोरात वाजतोय. कुणाला काही कळलेलं नाही. मग एक किंकाळी उठते, वाद्यं थांबतात आणि सेड्रिकचा बाप गर्दीतून धावत येतो. त्याचा हंबरडा ऐकून भाचीने माझा हात घट्ट धरला.

उरलेले चारही डेव्हिड येट्सचे. सहाव्यात ब्रूनो देलबोनेलच्या कॅमेऱ्याने रंगच काढून घेतले, सगळं राखाडी-हिरवट झालं. त्या छायाचित्रणाला ऑस्करचं नामांकनही मिळालं. पण मला या मालिकेतला सर्वांत गडद प्रसंग वाटतो तो एका साध्या दिवाणखान्यात घडणारा, सातव्याच्या सुरुवातीचा. आई-वडील सोफ्यावर टीव्ही पाहताहेत. हर्मायनी मागून येऊन त्यांच्यावर छडी रोखते. चौकटीतल्या एकेका फोटोतून ती पुसली जाते आणि फोटोत नुसती मोकळी जागा उरते. पोटच्या मुलीची आठवणच गेली की तिच्यापायी त्यांचा जीव धोक्यात येणार नाही, एवढाच तिचा हिशेब. पुस्तकात हे ती नंतर ओझरतं सांगते, इथे ते समोर घडतं. वडीलधाऱ्यांनी मुलांना जपायचं हा पहिल्या चित्रपटांचा नियम इथे पुरता उलटतो. हॅरीचा धर्मपिता सिरियस आणि डम्बलडोर तोवर गेलेले असतात, आता हर्मायनी आपले आई-वडील स्वतःहून सोडते.

धाकट्या भाच्याला सध्या पहिले तीनच दाखवले आहेत. चौथा कधी लावणार म्हणून तो रोज विचारतो, आणि त्याची ताई त्याला परस्पर सांगते, “अजून दोन वर्षं थांब.”