फॉर्मात नसलेली राख

नागपूरच्या उत्तरेला, औष्णिक वीज केंद्रांच्या टापूत मी आशा सेविका म्हणून काम करते. बाहेरची माणसं आली की आधी चिमणीकडे बोट दाखवतात. पण चिमणी उंच. तिचा धूर वाऱ्यासोबत लांब जातो. आम्ही उन्हाळ्यात ओसरीवरून रोज झाडतो ती राख, राखेच्या तलावातली.

आपल्या कोळशात साधारण 30 ते 40 टक्के राखच असते. तिच्यातली काही पाण्यात कालवून पाइपातून तलावात सोडतात. ओली आहे तोवर बसून राहते. एप्रिल-मे महिन्यात तलाव सुकला आणि वावधन सुटलं की बाया दोरीवरचे कपडे आत ओढतात, पाण्याच्या ड्रमावर झाकण शोधतात. जुलै 2022 मध्ये आमच्याच टापूतल्या खसाळ्याच्या राख तलावाचा बांध फुटला, तेव्हा पेपरात फोटो आले. उन्हाळ्यात नुसत्या उडणाऱ्या राखेची बातमी होत नाही.

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा आरोग्य तपासणीचा फॉर्म मी घरोघरी भरते. दोन आठवड्यांच्या वर खोकला असला तर थुंकीचा नमुना पाठवायचा. आमच्या गल्लीतल्या एका मावशीचा पाठवला. क्षयरोग निघाला नाही; खोकला मात्र गेला नाही.

फॉर्म विचारतो : तंबाखू, बिडी? स्वयंपाक कशावर? वीटभट्टीसारख्या धुराधुळीच्या जागी काम?

मावशी म्हणाली, "बिडीले कधी हात नाही लावला वं ताई. घरी गॅस आहे. अन् भट्टीवर मी कायले जाऊ?"

तिन्ही ठिकाणी धोक्याची खूण नाही. लक्षणामुळे तिला दवाखान्यात पाठवता आलं, पण घरापासून राखेचा तलाव किती लांब, हे कागदानं विचारलंच नाही. अडीच मायक्रॉनहून बारीक कण फुप्फुसात खोलवर जातात, माणूस कामावर आहे की नाही, हे ते पाहत नाहीत.

राखेच्या तक्रारीच्या अर्जावर सही मागितली की लोक वीज केंद्रात कंत्राटी असलेल्या घरातल्या पोराकडे पाहतात. त्याचा पगार त्याच राखेतून येतो.

एका बाईच्या खोकल्यावरून राखेवर ठपका मी ठेवणार नाही. पण नोंदच नसेल तर गावाचा आकडा निघणार कुठून? म्हणून खोकल्याच्या घरांचं तलावापासूनचं अंतर मी डायरीत लिहिते. मासिक बैठकीत ती यादी वाचली.

"याला रकाना नाही," बैठक घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या.

"मग तो छापायलाच वर कळवा," मी म्हटलं.