वॉशिंग्टन कुठलं?

वॉशिंग्टन म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर व्हाइट हाऊस येतं ना? पण या नावाचं मूळ गाव अमेरिकेत नाही. ते आहे ईशान्य इंग्लंडमध्ये, न्यूकॅसल आणि संडरलंड या दोन शहरांच्या दरम्यान. तिथल्या जुन्या गावठाणात चर्चजवळ एक दगडी वाडा आहे, वॉशिंग्टन ओल्ड हॉल. कधी त्या बाजूला गेलात, तर तो नक्की पाहा.

आधी नावाचा अर्थ समजून घेऊ. जुन्या इंग्रजीत ‘टून’ म्हणजे कुंपण घातलेली शेतवाडी. त्याचंच पुढे ‘टन’ झालं. ब्राइटन, नॉर्थॅम्प्टन या नावांच्या शेवटी तेच आहे. मधला ‘इंग’ अमक्याची माणसं असं सांगतो. वॅसा नावाच्या कुणाच्या तरी माणसांची वाडी ती वॉशिंग्टन, असं बरेच अभ्यासक मानतात. आपल्याकडे शिंद्यांची ती शिंदेवाडी, तसंच हे.

गावाचं आडनाव झालं ते बाराव्या शतकाच्या अखेरीस. विल्यम डी हर्टबर्न या सरदाराकडे हे गाव आलं आणि त्याने जुन्या गावाचं नाव सोडून नव्या गावाचं लावलं. साताऱ्याचे ते सातारकर, ही रीत तुम्हाला सांगायला नकोच. इंदूरला किंवा बडोद्याला चार पिढ्या काढल्या तरी सातारकर सातारकरच राहतात. वॉशिंग्टन घराण्याचंही तेच झालं. घराणं गावातून बाहेर पडलं, पण आडनाव सुटलं नाही. सतराव्या शतकात त्यातला जॉन समुद्र ओलांडून व्हर्जिनियात गेला. त्याचा पणतू जॉर्ज, अमेरिकेचा पहिला अध्यक्ष. १७९१ मध्ये नव्या राजधानीला त्याचं नाव मिळालं आणि आडनावाचं पुन्हा गाव झालं!

आज हे आडनाव कोण लावतं, हे मात्र तुम्हाला वाड्यात शिरताना सुचणार नाही. अमेरिकेच्या २००० च्या जनगणनेत सुमारे १ लाख ६३ हजार वॉशिंग्टन होते आणि त्यांतले ९० टक्के कृष्णवर्णीय होते. जॉर्ज वॉशिंग्टनला स्वतःचं मूल नव्हतं. त्याच्या मळ्यावर मात्र शेकडो गुलाम राबत होते. गुलामांना बहुधा आडनाव लावूच दिलं जात नसे. सुटका झाल्यावर अनेकांनी स्वतःसाठी आडनाव निवडलं, आणि कित्येकांनी हेच निवडलं.

त्यांतला एक मुलगा बुकर. तो १८५६ च्या सुमारास गुलामीत जन्मला. शाळेच्या पहिल्या दिवशी हजेरी सुरू झाली, तेव्हा बाकीच्या मुलांना दोन-दोन नावं आहेत आणि आपल्याला एकच, हे त्याच्या लक्षात आलं. त्याची पाळी आली. त्याने शांतपणे सांगितलं, बुकर वॉशिंग्टन. पुढे अलाबामातल्या टस्कीगीत त्याने कृष्णवर्णीय मुलांसाठी मोठी शिक्षणसंस्था उभी केली.

आता वाड्याकडे वळू. आजची इमारत मुख्यतः सतराव्या शतकातली आहे. मध्ये तिथे गरीब कुटुंबं दाटीवाटीने भाड्याने राहत. १९३६ मध्ये ती राहण्यास अयोग्य ठरली, पण गावकऱ्यांनी ती पाडू दिली नाही. आज नॅशनल ट्रस्ट तिची देखभाल करतो. घराण्याच्या ढालीवरचे दोन लाल पट्टे आणि तीन लाल तारे ओळखून ठेवा. तेच अमेरिकेच्या राजधानीच्या झेंड्यावर आहेत. न्यूकॅसल किंवा संडरलंडहून बसने जाता येतं. वाडा रोज उघडा नसतो, म्हणून निघण्याआधी वेळ पाहून घ्या. ४ जुलैच्या सुमारास गेलात, तर अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन इंग्लंडच्या गावात साजरा होताना दिसेल.

वाड्याच्या बागेत बसाल, तेव्हा वॅसाची आणि विल्यमची आठवण काढाच. पण वर्गात उभं राहून स्वतःला नाव देणाऱ्या त्या पोरालाही विसरू नका. आडनाव त्याचंही तितकंच आहे.