रात्रीचं भरणं आणि भुताच्या गोष्टी



निमगाव सावा परिसरात थंडी बरी पडलीय. गहू, कांदा दोन्ही पाण्यावर आलेत आणि आपल्याकडं लाईट रात्रीची. मोटर चालू केली की पहाटेपर्यंत वाफे बघायचे. या दिवसांत बऱ्याच पोरांच्या मोबाईलवर भीतीचे, अंधाऱ्या दुनियेचे सिनेमे चालू असतात. आज पिकाचं सोडून त्यावर थोडं.

मला स्वतःला हा प्रकार आवडतो. मराठीत नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) या दोघांनी भीतीची मोठी पुस्तकशाळाच उभी केली. थंडीच्या रात्री घोंगडी घेऊन धारप वाचावेत, आणि मग परसात जायला कोणाला तरी सोबत न्यावं!

सिनेमात मात्र माझं मत ‘तुंबाड’ला. राही अनिल बर्वे यांचा, १२ ऑक्टोबर २०१८ ला आलेला. सहा वर्षांनी, २०२४ च्या सप्टेंबरात, तो परत थिएटरात लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त गर्दी झाली. नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ वरून घेतलेलं, गोष्ट मात्र वेगळी. भाषा हिंदी, पण वाडा, पाऊस, माणसं सगळी आपल्या ओळखीची.

शेतकऱ्यानं तो बघावा, कारण त्यातलं भूत भुकेलं आहे. हस्तर हा समृद्धीच्या देवीचा पहिला लाडका मुलगा. त्यानं सोनं सगळं घेतलं, धान्यावर हात टाकायला गेला आणि बाकीच्या देवांनी त्याला अडवलं. म्हणून त्याच्याकडं सोनं अमाप, पण अन्नाचा कण नाही. कणकेची एक बाहुली दाखवली की तो धावत येतो. विनायक नावाचा माणूस विहिरीतून खाली उतरतो, बाहुली टाकतो, त्याचं लक्ष खाण्यात असताना मोहरा घेऊन वर येतो. एका बाहुलीवर भागत होतं तोवर ठीक होतं. पुढचं सांगत नाही, बघा.

मला तिथं आपलं बोअर आठवतं. दोनशे फुटांवर पाणी लागलं नाही म्हणून चारशे, चारशेचं आटलं म्हणून सहाशे. शेजाऱ्यानं खोल घेतलं की आपणही घ्यायचं. जमिनीच्या पोटात उतरून ‘अजून थोडं’ म्हणणारा माणूस आपल्याला नवा नाही. कुठं थांबायचं, हे कळलं तर सिनेमा समजला म्हणायचं.

आता मुद्द्याचं. हे सिनेमे घरी बघा, शेतात नको. कानात हेडफोन आणि डोळ्यांसमोर उजेडाचा पडदा असला की बाजूच्या उसातली सळसळ ऐकू येत नाही, आणि मान वर केली तर अंधारात काही दिसतही नाही. जुन्नर, आंबेगावात आपण आजही बिबट्याला वाघच म्हणतो, आणि तो काही गोष्टीतला नाही. ऊसतोड चालू झाली की त्याचा लपायचा ठिकाणा मोडतो, बछडी उघडी पडतात, मादी चिडलेली असते. वाफ्यावर वाकलेला किंवा बांधावर बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो. दिवसा लाईट मिळावी ही मागणी आपली जुनीच आहे. ती मिळेपर्यंत जीव आपल्यालाच सांभाळायचाय.

जुनी माणसं रात्री शेतात गोष्टी सांगायची, त्यात शहाणपण होतं. चकवा लागला आणि गडी रात्रभर एकाच बांधाला फिरत राहिला, पिंपळावरचा मुंजा, विहिरीतल्या आसरा. मुंजाच्या धाकानं पोरं रात्री पिंपळाखाली भटकत नव्हती, आसरांच्या धाकानं विहिरीच्या काठाला जात नव्हती. आणि गोष्ट सांगायची म्हटलं की दोन माणसं लागतात, मोठ्यानं बोलावं लागतं. वन खातं आज सांगतं तेच: एकट्यानं जाऊ नका, आवाज करत राहा, बॅटरी आणि काठी जवळ ठेवा.

‘तुंबाड’चं बीजही असंच पडलं. १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात बर्वेंना एका मित्रानं धारपांची गोष्ट सांगितली होती. ती तोंडी ऐकलेली भीती पंचवीस वर्षं टिकली आणि पडद्यावर आली.

तर या आठवड्यात भरणं असेल तर शेजारच्या शेतकऱ्याशी पाळी जुळवून घ्या. आज तुमचं, उद्या त्याचं, दोन्ही रात्री दोघं. मोबाईल खिशात राहू द्या, आणि आपल्या वाडीची भुताची गोष्ट खणखणीत आवाजात सांगा. भुताला ती ऐकू आली तरी हरकत नाही, वाघाला मात्र ऐकू गेलीच पाहिजे.