रुमालाखालची बोटं

लहानपणी आप्पांबरोबर धुळ्याच्या गुरांच्या बाजारात जायचो. बैलाचा सौदा कधी ऐकू यायचा नाही. आप्पा आणि व्यापारी हात हातात घ्यायचे, वरून रुमाल टाकायचे आणि आत बोटांनी भाव ठरायचा. शेजारी उभ्या माणसालाही पत्ता लागायचा नाही.

पुढे मी जळगावात स्थायिक झालो, जुन्या नाण्यांचा नाद लागला आणि ऑनलाइन लिलावात बोली लावू लागलो. तिथेही रुमाल होता. आपण जास्तीत जास्त किती देऊ तो आकडा आधीच भरायचा. समोरची बोली वाढेल तशी साइट आपली बोली पायरीपायरीने चढवते. तो शेवटचा आकडा इतरांना दिसत नाही. बऱ्हाणपूर टांकसाळीच्या मुघल रुपयासाठी मी साडेसात हजार भरून ठेवले. मिळाला बावन्नशेला. घरी दोन हजार सांगितले. दिवसा आमच्या दाराला कुलूप, म्हणून पार्सल धुळ्याला आप्पांच्या पत्त्यावर मागवलं.

वर्षभराने मेल आला : ‘आम्ही दुसऱ्या कंपनीत सामील झालो आहोत, आपलं खातं तिकडे हलवलं आहे.’ मी तो नीट वाचलाही नाही. पंधरा दिवसांत फोन. ‘‘साहेब, बऱ्हाणपूरचा आणखी एक रुपया आलाय. तुमच्यासाठी साडेसात हजार.’’ बरोबर तोच आकडा! त्याच आठवड्यात आप्पांचा फोन आला : ‘‘एक जन दारवर उना व्हता. जुना शिक्का इकतंस का म्हने. त्याले कोनी सांगं?’’

लिलावातल्या ग्राहकांची माहिती अशी दुसऱ्याच्या हाती लागणं नवं नाही. ‘रिव्हर्सऑक्शन’ या अमेरिकी साइटने ‘ईबे’ची सदस्य होऊन तिथल्या लोकांचे ईमेल पत्ते गोळा केले होते. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी 2000 मध्ये ते प्रकरण निकाली काढलं. तिथे माहिती परस्पर उचलली गेली होती. इथे ती रीतसर हवाली झाली, आणि नियमावलीखाली न वाचता टिक करणारा मीच होतो.

नाणी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली, पासवर्ड बदलले, खातं पुसायला कळवलं. उत्तर आलं नाही. आपल्याकडे 2023 मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. संमती मागे घेण्याची, माहिती पुसायला लावण्याची सोय त्यात आहे. पण जी यादी चार हातांत फिरली, ती पुसायला सांगायची कुणाला?

फोन नंबर बदलता येतो. कशावर जीव जडलाय आणि त्यासाठी किती मोजू, हे कसं बदलणार? आप्पांचा सौदा फिसकटला की हात सुटायचे आणि आकडा तिथेच विरायचा. माझे साडेसात हजार अजून कुणाच्या तरी यादीत शाबूत आहेत.