तेल एम. ए. पाहिजे

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे इंग्रजी अक्षर असलेली कुठलीही वस्तू घरात आली की ती आधी माझ्यापुढे येते. औषधाची बाटली असो की बँकेचा कागद. मी शिकतो मराठी साहित्य. पण घरच्यांच्या लेखी मी डॉक्टरही आहे आणि वकीलही!

आबांची 2009 सालची हीरो होंडा स्प्लेंडर आहे. पहाटे तिच्यावरून दुधाच्या किटल्या खाली साताऱ्यात जातात, येताना सरकी पेंडेचं पोतं वर येतं. आमचं घर त्या गाडीवर चालतं, असं म्हटलं तरी चालेल. गेल्या दिवाळीआधी आबा म्हणाले, "तेल बदलायचं आलंय. ह्या खेपेला तूच बघून घे."

दुकानात फळीवर डबेच डबे. मी त्यांतला सर्वांत महागाचा, साडेतीन लिटरचा उचलला. त्यावर 'फुल्ली सिंथेटिक' होतं, '5डब्ल्यू-30' होतं आणि गोल शिक्क्यात 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' असंही होतं. म्हणजे इंधन वाचवणारं! पाणी आणि हिरा यांचं उदाहरण अर्थशास्त्राच्या सरांनी पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. परीक्षेत मी ते लिहूनही आलो होतो. दुकानात मात्र ते आठवलं नाही.

"ह्यो डब्ल्यू कशाचा?" आबांनी विचारलं.

"वेट. म्हणजे वजन," मी बेधडक ठोकून दिलं. आबांनी मान डोलावली. ती मान आजही आठवते.

मिस्त्रींकडे न जाता अंगणातच जुनं तेल काढलं, नवं ओतलं. चार दिवस गाडी लोण्यासारखी चालली. मिशी धड फुटलेली नसताना मी तिला पीळ देत होतो. पाचव्या दिवशी यवतेश्वरच्या घाटात, मध्ये पेंडेचं पोतं नि त्यामागे कसाबसा मी, अशी वरात असताना गाडीनं ओढणंच सोडलं. मूठ पिळली की इंजिन नुसतं ओरडे; चाक मात्र ढिम्म. शेवटी गाडी वळवून उतारानं परत साताऱ्यात आणली.

मिस्त्रींनी विचारलं, "ह्यात काय वतलंय?" मी जरा ऐटीतच सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

"अरं, ते चारचाकीचं! चारचाकीचा क्लच कोरडा, गिअरपेटीचं तेल येगळं. हितं इंजिन, गिअर, क्लच, समदी एकाच तेलात बुडलेली. इंधन वाचावं म्हणून त्या तेलात घर्षण कमी करायचं औषध घालत्यात. पर क्लचच्या प्लेटांनी एकमेकींना धरायचं कशानं? घर्षणानंच ना?"

त्यांनी आपल्या फळीवरची बाटली काढून मागची बारीक अक्षरं दाखवली. 'जासो एमए'. ओल्या क्लचच्या गाड्यांसाठी जपानी मोटार उद्योगानं ठरवलेली ही खूण. 'एमबी' असेल तर ते बिनगिअरच्या स्कूटरचं. तिचा क्लच तेलात नसतो.

"तू बी. ए.ला हाईस," मिस्त्री म्हणाले, "तेल एम. ए. पायजे."

सगळं गॅरेज हसलं. आबा हसले नाहीत. नवं तेल घालूनही क्लच पुरता धरेना, म्हणून प्लेटा बदलाव्या लागल्या. दोन दिवसांच्या दुधाचे पैसे गेले. घाट चढताना आबा एक शब्द बोलले नाहीत, त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

त्या रात्री त्यांनी ट्रंक उघडली. सातबाराच्या उताऱ्याखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत गाडीचं पुस्तक होतं. गाडी घेतल्यापासून जपलेलं, एकदाही न वाचलेलं. "ह्यात असंल का रं?" त्यांनी विचारलं. होतं. तेलाचं सगळं त्यात होतं. कुणीतरी वाचील म्हणून ते इतकी वर्षं तिथं पडून होतं, आणि दीड वर्ष मी त्याच ट्रंकेवर बसून कादंबऱ्या वाचत होतो.

चारचाकीचं उरलेलं तेल आता कडबाकुट्टीच्या दात्यांना लागतं.

परवा आबा एकटेच तेल आणायला गेले. आल्यावर बाटली उलटी करून त्यांनी अंगठ्याचं नख दोन अक्षरांखाली धरलं. "हेच ना?"

तेच होतं. मग मी सबंध लेबल सावकाश वाचून दाखवलं. '10डब्ल्यू-30' आलं तेव्हा थांबलो. डब्ल्यू म्हणजे वजन नव्हे, विंटर, म्हणजे हिवाळा; पहिला आकडा थंडीतल्या पातळपणाचा, दुसरा तापलेल्या इंजिनातल्या दाटपणाचा, असं सांगितलं.

"मग त्या दिशी वजन का म्हणालास?" आबांनी विचारलं.

"ठाऊक नव्हतं, आबा," मी म्हणालो.