आपल्यात चालत नाही

नवऱ्याला बायकोची आवडनिवड ठाऊक असते, अशी एक गोड समजूत पुरुषवर्गात प्रचलित आहे. मीही ती उराशी बाळगून ४२ वर्षे संसार केला. हिला अबोली आवडते, चहात आले लागते आणि माझे विनोद मुळीच आवडत नाहीत, एवढे ज्ञान मला पुरेसे वाटत होते. गेल्या श्रावणात ते अपुरे ठरले.

झाले असे, की जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून हिचा पाय घसरला आणि उजवे मनगट प्लॅस्टरमध्ये गेले. डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले. पोळ्यांना बाई मिळाल्या. बाकीचे स्वयंपाकघर माझ्या ताब्यात आले. पिठले, मुगाची खिचडी आणि बटाट्याच्या काचऱ्या एवढ्या भांडवलावर मी पहिला आठवडा रेटला. आठव्या दिवशी ताटाकडे पाहून हिचा चेहरा इतका केविलवाणा झाला, की मी औदार्याने म्हणालो, "अगं, तुला काय खावंसं वाटतंय ते सांग. मी करतो."

बाहेर पावसाची झड लागली होती. खिडकीकडे पाहत ही म्हणाली, "अळंबी."

मी चाटच पडलो. हिचे माहेर कुडाळकडचे. श्रावणातल्या एखाद्या सकाळी तिचे वडील भिजत भिजत घरी येत, ते हातात पानांत बांधलेले पुडके घेऊनच. वारुळाजवळ उगवलेली ती अळंबी! वाळवी आपल्या वारुळात तिला पोसते, म्हणून ती बटाट्यासारखी शेतात लावता येत नाही. ती निघेल तेव्हा आणि निघेल तिथूनच आणावी लागते. मग ओल्या खोबऱ्याचे वाटण व्हायचे आणि त्या दिवशी घरात भात नेहमीपेक्षा जास्त शिजायचा. हे सारे मला ४२ वर्षांत प्रथमच कळत होते.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले होते की. लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात. सासूबाई म्हणाल्या, आपल्यात चालत नाही."

"आणि मी काय म्हणालो?"

"तुम्ही पेपर वाचत होतात."

आईचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. मनुस्मृतीत द्विजांना छत्राक वर्ज्य सांगितले आहे. पण मजा अशी, की त्याच पंक्तीला लसूण आणि कांदाही बसलेले आहेत. ते दोघे आमच्या घरात केव्हाच शिरले, आईच्या हयातीतच शिरले, आणि दर रविवारी भज्यांच्या रूपाने सन्मानाने वावरू लागले. बाहेर राहिली ती एकटी अळंबी. आईला तरी दोष कसा द्यावा? तिला तिच्या सासूने तेच सांगितले असणार. पण पेपर माझा होता.

पुण्यात वारुळाची अळंबी कुठून आणणार? सोसायटीच्या बागेत पांढऱ्या छत्र्या उगवल्या होत्या, त्यांकडे मी आशेने बोट दाखवले. ही कडाडली, "ओळखीवाचून अळंबी तोडायची नसते!" शिजताना चांदीचा रुपया टाकावा, काळा पडला तर विषारी, असे मी कुठेतरी ऐकले होते, पण ती कसोटी साफ खोटी आहे आणि तिच्या भरवशावर माणसे दगावतात. तेव्हा मी मुकाट्याने मंडईत गेलो आणि २०० ग्रॅमचे पाकीट घेऊन आलो. ही बटणासारखी अळंबी गव्हाच्या काडाच्या खतावर, बंद खोलीत वाढवतात. हिमाचलातल्या सोलनला तर या पिकासाठी सरकारी संशोधन संस्थाच आहे.

कृती नातीने फोनवरून सांगितली. "आजोबा, चीज घाला. दहा मिनिटांचं काम आहे." दहा मिनिटांत मी काय केले ते ऐका. लहान पातेले घेतले, अळंबी गच्च भरली, वर मीठ घातले, झाकण ठेवले आणि गॅस बारीक केला. झाकण काढतो तो आत तळे! अळंबीत शंभरात नव्वद भाग पाणीच असते, आणि मिठाने ते सारे बाहेर काढले होते. त्या पाण्यात चीज किसल्यावर जे तयार झाले, ते आम्ही दोघांनी एकमेकांकडे न पाहता संपवले.

दुसऱ्या दिवशी मी शहाणा झालो. अळंबी ओल्या फडक्याने पुसून जाडसर चिरली. मोठा पसरट तवा चांगला तापवला, त्यावर ती एका थरात पसरली. मीठ नाही, झाकण नाही, आंच मोठी. पाणी सुटले, चुरचुरले, आटले. कडा तांबूस झाल्यावर लोणी, ठेचलेला लसूण आणि भरडलेले मिरे घातले, मीठ अगदी शेवटी आणि तेही बेताने, कारण चीज खारट असते. चीजच्या दोन वड्या किसून वर पसरल्या, गॅस बंद केला आणि एक मिनिट झाकण ठेवले. पोळीबरोबर तोंडीलावणे तयार झाले. भिंतीवरच्या तसबिरीतून आई पाहत होती. तिने काही हरकत घेतली नाही.

हिने डाव्या हाताने घास घेतला. मी परीक्षेच्या निकालासारखा उभा.

"ही आमच्याकडची अळंबी नव्हे," ही म्हणाली.

"नाही," मी म्हणालो.

"चीज जरा जास्त झालंय."

"झालं असेल."

मग तिने वाटी पुढे केली. "आणखी थोडी वाढा." आणि खाता खाता ती सांगू लागली: पुडके सोडल्यावर येणारा ओल्या मातीचा वास, वाटण वाटताना गाणारी आई, सर्वांत मोठी छत्री कोणाला यावरून भावाशी होणारी भांडणे. तासभर ती बोलत होती आणि मी ऐकत होतो.

त्या दिवशीचा पेपर रात्रीपर्यंत घडीतच राहिला.