दिवसाचं लोडशेडिंग

मिनियापोलिसच्या उपनगरातलं आमचं घर १९६२ सालचं. घेतलं तेव्हा पॅसेजच्या भिंतीवर, आमटीची वाटी पालथी घालून चिकटवावी तसा, एक सोनेरी थर्मोस्टॅट होता. हनीवेलचा टी-८७. कडेचं चाक फिरवायचं, काटा हव्या त्या आकड्यावर आणायचा, संपलं. हेन्री ड्रेफस नावाच्या नामवंत डिझायनरनं घडवलेलं हे मॉडेल १९५३ साली बाजारात आलं आणि अमेरिकेतल्या असंख्य भिंतींवर जाऊन बसलं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा मला तो फक्त जुनाट वाटायचा.

तो काढायचं मी मनावर घेतलं ते गॅसच्या बिलामुळे. मिनेसोटात जानेवारीतल्या वाईट रात्री पारा उणे पंचवीस सेल्सियसच्या खाली जातो. तळघरातली फर्नेस नैसर्गिक वायू जाळते, पंखा गरम हवा पत्र्याच्या नळ्यांतून घरभर ढकलतो आणि ती जमिनीतल्या जाळ्यांमधून खोल्यांत येते. ही यंत्रणा एक दिवस बंद पडली तर आपण कुडकुडतो ते वेगळंच, भिंतीतले पाण्याचे पाइप गोठून फुटतात. थोडक्यात, फर्नेस चालवण्याला पर्याय नसतो. हातात असतं ते किती चालवायची एवढंच. इथल्या ऊर्जा खात्याचा सल्ला असा, की दिवसातले आठ तास तापमान नेहमीपेक्षा सात ते दहा अंश फॅरनहाइटनं खाली ठेवलंत, तर वर्षाच्या खर्चात दहा टक्क्यांपर्यंत बचत होते. आम्ही दोघं सकाळी आठला बाहेर पडतो, साडेपाचला परत. म्हणजे रिकामं घर रोज नऊ-साडेनऊ तास फुकट तापत होतं. हिशेब सरळ होता. मी एक वाय-फायवाला, प्रोग्रॅम करता येणारा थर्मोस्टॅट मागवला.

त्याच सुमाराला बाबा आले. बहिणीच्या बाळंतपणासाठी आई पुण्यात अडकली होती, त्यामुळे एकटेच. तेही नोव्हेंबरात, जेव्हा शहाणी माणसं आपल्या आईवडिलांना इथं बोलावत नाहीत. बाबा सोलापूरचे. वीज मंडळात वायरमन म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मंडळाची २००५ मध्ये विभागणी होऊन महावितरण झालं, पण बाबांच्या तोंडी अजून 'बोर्ड'च.

डिसेंबरातल्या पहिल्या शनिवारी दुपारी मी बसवायला घेतलं. जुन्याची गोल चकती ओढून काढली तसे बाबा खुर्ची घेऊन शेजारी येऊन बसले. आत घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली धातूची पट्टी होती आणि तिच्या टोकाला बोटाच्या पेराएवढी काचेची नळी. नळीत पाऱ्याचा थेंब. पट्टी दोन वेगवेगळ्या धातूंची असते. खोली गार झाली की ती वळते, नळी कलते, पारा घरंगळत एका टोकाला जातो आणि तिथल्या दोन तारा जोडतो. खाली फर्नेस पेटते. खोली तापली की उलटं. बाबांनी नळीजवळ फुंकर मारली. थोड्या वेळानं पट्टी हलली आणि पारा पलीकडे गेला. त्यांनी पुन्हा फुंकर मारली. पुन्हा वाट पाहिली.

"ह्याला सेल नाही?"

"नाही."

"साठ वर्षं चाललं?"

"हो."

"मग बदलतीयेस कशाला?"

मी त्यांना दहा टक्के समजावले. बाबांनी मान डोलावली, पण नजर त्या थेंबावरच होती.

वायरिंग तसं सोपं असतं. लाल तार म्हणजे चोवीस व्होल्टचा पुरवठा, पांढरी उष्णतेची, पिवळी एसीची, हिरवी पंख्याची. जुन्याला पडदा नाही, वाय-फाय नाही, म्हणून स्वतःसाठी वीज लागत नव्हती. नव्याला अष्टौप्रहर लागते आणि त्यासाठी परतीची पाचवी तार लागते, तिला इथं सी-वायर म्हणतात. कितीतरी जुन्या घरांत ती नसतेच आणि माणसं तिथंच हात टेकतात. आमच्या भिंतीत मात्र एक निळी तार न वापरता गुंडाळून ठेवलेली सापडली. मी तारांचा फोटो काढला, तळघरात जाऊन फर्नेसचं दार उघडलं, निळीचं तिकडचं टोक 'सी'च्या स्क्रूखाली दाबलं, दार लावलं आणि ऐटीत वर आले.

"शटडाउन घेतलास का?" बाबांनी विचारलं.

"बाबा, चोवीस व्होल्ट आहे. हाताला मुंग्यासुद्धा येत नाहीत."

"तुझ्या हाताचं नाही विचारलं मी."

निळी तार सरळ करताना तिचं उघडं टोक लाल तारेला लागलं. आवाज झाला तो एवढाच, मोहरी तडतडावी तसा 'चिट्'. मी उरलेल्या तारा खोचल्या, नवा थर्मोस्टॅट बसवला, कौतुकानं मागे सरले. पडदा काळाच. पुन्हा काढला, पुन्हा लावला. काळाच. जुना जोडून पाहिला, तर पारा इकडून तिकडे गेला, पण तळघरातून काही आवाज नाही.

बाहेर उणे बारा होतं. सहा वाजेपर्यंत घरातला फॅरनहाइटचा आकडा सत्तरवरून चौसष्टवर आला. मेकॅनिक सोमवारशिवाय मिळेना, आणि आज रात्रीच हवा असेल तर नुसत्या येण्याचे जे पैसे त्यानं सांगितले त्यात माझ्या दहा टक्क्यांतली दोन वर्षं तरी गेली असती. नवरा इंटरनेटवर वाचत होता. मी रडकुंडीला आले होते आणि बाबांकडे बघायचं टाळत होते.

बाबांनी कानटोपी घातली, टॉर्च घेतला आणि ते जिना उतरले. फर्नेसच्या कुशीला साध्या दिव्याच्या बटणासारखं एक बटण असतं. दोन वर्षांत मी ते कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी आधी ते पाडलं. मग खालचं दार काढलं. आत हिरव्या सर्किटवर मोटारीत असतो तसला चपटा, जांभळा, तीन अँपिअरचा फ्यूज. तो उपटून त्यांनी टॉर्चसमोर धरला आणि मला जवळ बोलावलं. आतली बारीक तार मधोमध तुटलेली होती.

"बोर्ड वाचलं," बाबा म्हणाले. "फ्यूज मेला. त्याचं कामच ते. आमच्याकडं लोक किटकॅटमध्ये जाड तार कोंबतात आणि मग ट्रान्सफॉर्मर जळाला म्हणून आमच्या नावानं शिमगा करतात."

नवरा मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानातून पाच फ्यूजचं पाकीट घेऊन आला. बाबांनी वर जाऊन आधी माझं वायरिंग तपासलं, मग फ्यूज बसवला, दार लावलं आणि बटण वर केलं. आधी एक लहान पंखा घुरघुरला. मग झरोक्यातून इग्नायटर लालभडक होताना दिसला. मग भस्स करून निळी ज्योत धरली, आणि थोड्या वेळानं मोठा पंखा सुरू झाला. आम्ही तिघं तळघरात उभं राहून ते ऐकत होतो. पिठल्याचा वास येत होता. गॅसवर ठेवलेलं विसरलो होतो.

जेवून बाबा झोपले आणि मी प्रोग्रॅम करायला बसले. मला खरी हौस याचीच. ॲपमध्ये दिवसाचे चार भाग पाडलेले असतात: उठणं, बाहेर जाणं, परत येणं, झोपणं. प्रत्येकाला वेळ द्यायची आणि आकडा द्यायचा. सहा वाजता सत्तर. आठला बासष्ट. साडेपाचला सत्तर. साडेदहाला पासष्ट. शनिवार-रविवार वेगळे. शिवाय यंत्रात माणसाची हालचाल ओळखणारा डोळा होता, 'बाहेर'च्या वेळात कुणी दिसलं तर आपण होऊन सत्तरवर जाणारा. तोही चालू ठेवला. अकरा वाजता फोन ठेवला तेव्हा मला फार हुशार वाटत होतं.

थर्मोस्टॅटचा जन्मही मुळात एका शिपायाची ये-जा वाचवण्यासाठी झाला. विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. शिपाई तासाला मध्येच वर्गात येऊन तापमापक बघायचा आणि मग तळघरात जाऊन हवेची झडप कमी-जास्त करायचा. शिकवताना हा व्यत्यय नको म्हणून जॉन्सननी विजेवर चालणारी युक्ती केली आणि १८८३ मध्ये तिचं पेटंट घेतलं. आमच्या मिनियापोलिसमध्येही आल्बर्ट बट्झ या स्वित्झर्लंडहून आलेल्या माणसानं १८८५ च्या सुमाराला खोली गार पडली की भट्टीची झडप आपोआप उघडणारं यंत्र केलं. त्याच्याच कंपनीच्या वंशावळीत पुढे हनीवेल येते. माझा सोनेरी गोळा असा घरचाच निघाला.

पहिल्या आठवड्याचा आलेख पाहिला आणि मी चिडले. दिवसा बासष्टवर सपाट रेघ हवी होती. दिसत होते ते करवतीचे दात: वर, खाली, पुन्हा वर. म्हणजे कुणीही नसताना यंत्राच्या डोळ्याला माणूस दिसत होता. पडदा हलत असेल, खिडकीतलं ऊन फिरत असेल, मी काय काय तर्क केले. शेवटी सेन्सर सदोष आहे असं ठरवून तो ॲपमधून बंद करून टाकला. दुसऱ्या दिवशी रेघ छान सपाट आली. तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी बर्फाचा इशारा आला, ऑफिसनं दुपारीच घरी सोडलं. मी एक वाजता दार उघडलं. मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या जाळीशी खुर्ची ओढून बाबा बसले होते. दोन स्वेटर, कानटोपी, मफलर, वर आईनं दिलेली सोलापुरी चादर. पाय जाळीवर. हातात मराठी दिवाळी अंक, तोही हातमोज्यांत. जाळीतून अर्थातच काही येत नव्हतं.

"कुणीही नसताना" हे शब्द तेव्हा आठवले.

"बाबा, सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं? मला वाटलं, तू दिवसाचं लोडशेडिंग लावलंस." ते हसले. "पहिल्यांदा बरं होतं. पॅसेजमध्ये गेलं की ते डोळा उघडायचं, मग खाली पंखा लागायचा. मी येऊन-जाऊन हजेरी लावत होतो. परवापास्नं हजेरीच घेईना. म्हटलं, फीडर कायमचा बंद केला हिनं."

बासष्ट फॅरनहाइट म्हणजे जेमतेम सतरा सेल्सियस. सोलापुरात डिसेंबरच्या पहाटे याहून गार असतं, असंही ते म्हणाले. खरं आहे ते. पण सोलापुरात नऊ वाजता ऊन येतं आणि माणूस ओट्यावर जाऊन बसतो. इथल्या ओट्यावर त्या दिवशी गुडघाभर बर्फ पडणार होता.

मला राग कसला आला ते अजून नीट सांगता येत नाही. यंत्रानं काही चुकवलं नव्हतं. त्याला घरात माणूस दिसत होता आणि तसं ते इमानानं मला सांगत होतं. मी पंधरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. चूक दिसली की आधी डेटा तपासायचा असं नव्या पोरांना शिकवते. आलेखातले ते दात एकदा मोजले असते तरी कळलं असतं. दहाला एक, बाराला एक, जेवणानंतर एक, चारला चहाच्या वेळी एक. बाबांचा बोर्डातला दिवसही असाच होता.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून तक्ता पुन्हा भरला. आठ ते साडेपाच बाबांनी अडुसष्टवर तडजोड केली. सत्तर म्हणजे उधळपट्टी, असं त्यांचं मत पडलं. डोळा परत चालू केला. बाबा सकाळी फिरायला मॉलमध्ये जायचे तेवढे दोन तास मी बासष्ट ठेवायला गेले, तर त्यांनी हात धरला: "परत आल्यावर गार घरात यायचं?" ते दोन तासही अडुसष्टवरच राहिले.

दहा टक्के काही वाचले नाहीत. किती वाचले ते मी मोजलंही नाही.

एप्रिलमध्ये जाताना बाबांना तो सोनेरी गोळा सोलापूरला न्यायचा होता, बोर्डातल्या दोस्तांना दाखवायला. पारा विमानात नेता येत नाही असं सांगितलं तर त्यांचा चेहरा उतरला. मिनेसोटात असला थर्मोस्टॅट कचऱ्यात टाकायलाही बंदी आहे, काउंटीच्या धोकादायक कचऱ्याच्या केंद्रात नेऊन द्यावा लागतो. मी तो झिपच्या पिशवीत घालून, पिशवी रिकाम्या डब्यात ठेवून, डबा तळघरातल्या फळीवर ठेवला आहे. शेजारी चार फ्यूज आहेत.